गंज कुठवर घासायचा?

शंकेखोर : भाऊ, तुम्ही त्या जुन्या मर्फी रेडिओची चेसिस घासघासून अशी लख्ख केली आहे, की ती ठाण्याच्या कारखान्यातून काल बाहेर पडली असं कोणीही म्हणेल. माझी हरकत त्यालाच आहे. ती काल बाहेर पडलेली नाही. ती कोणाच्या तरी बैठकीत वर्षानुवर्षं वाजली, घरात ट्रान्झिस्टर आला तेव्हा माळ्यावर गेली, कवेलू सरकले तेव्हा तिच्यावर पाणी गळलं, मागचा पुठ्ठा कुरतडून उंदीर आत शिरले. हे सगळं त्या पत्र्यावर होतं. कुठे जाड पापुद्रा, कुठे नुसती तांबूस झाक, कुठे थेंबांचे गोल डाग. ज्याला वाचता येतं त्याने ते वाचलं असतं. तुम्ही ते पॉलिश पेपरने मिटवलंत. काहून? तर गंज वाईट दिसतो म्हणून!

हौशी : काकाजी, वाईट दिसतो एवढीच तक्रार असती तर मागचा पुठ्ठा लावून मोकळा झालो असतो. चेसिस बघायला कोण येतं? माझी तक्रार अशी आहे, की गंज ही घडून गेलेली गोष्ट नाही, ती चालू असलेली गोष्ट आहे. ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा थर बसतो तो घट्ट बसतो आणि खालचा धातू वाचवतो. लोखंडाचं तसं नाही. त्याचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, फुगतो, सुटतो, आणि पापुद्र्यांच्या मधे ओल धरून ठेवतो. म्हणजे एकदा सुरू झाला की पुढच्या गंजाची सोय तोच करतो. त्यात आपल्या यवतमाळची हवा फसवी. हवेतली आर्द्रता साधारण ६०-६५ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजायला लागतं. मे महिन्यात पारा ४५ वर असतो तेव्हा हवा इतकी कोरडी असते, की गंज झोपी जातो आणि माणसाला वाटतं, आहे तसाच तर आहे, राहू द्या. मृग लागला की तो पुन्हा जागा होतो. चार महिने खातो, आठ महिने निजतो. बरं, लोक माळा आवरायला कधी चढतात? दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत. गंज खात असताना त्याला कोणी पाहतच नाही.

शंकेखोर : मग तुमच्याच हिशोबाने उपाय स्वस्त आहे. सेट कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पत्र्यावर मेणाचा पातळ हात फिरवा. गंज थांबवणं वेगळं आणि गंज काढणं वेगळं. तुम्ही पहिल्याचं कारण देऊन दुसरं करता आहात. आपल्याच विदर्भातलं उदाहरण देतो. नागपूरजवळ माहुरझरीला दगडी वर्तुळांखालच्या दफनांत लोखंडी अवजारं निघाली, घोड्याच्या तोंडातले लगामाचे लोखंडी तुकडे निघाले. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच उत्खननात सापडली. अडीच हजार वर्षांपूर्वी इथली माणसं लोखंड गाळत होती. आता ती कुऱ्हाड जमिनीतून निघते तेव्हा गंजाचा गोळा असते. पुराणवस्तूंचं जतन करणारा माणूस तिला तारेचा ब्रश लावत नाही. कुऱ्हाडीचा मूळ पृष्ठभाग, तिची धार, हातोड्याच्या खुणा, कधी कधी लाकडी दांड्याचे तंतूसुद्धा त्या गंजातच शिल्लक असतात. गंज काढला तर आत निघेल तो बारकासा, कोणाच्याही ओळखीचा नसलेला लोखंडाचा तुकडा. म्हणून तो माणूस आधी आतले क्षार बाहेर काढतो, मग वरून लेप देतो, आणि हात आवरतो. आवरलेला हात हीसुद्धा कारागिरीच आहे, भाऊ.

हौशी : आहे, मान्य. पण त्या कुऱ्हाडीने उद्या कोणी लाकूड फोडणार आहे का? संग्रहालयात आली तेव्हा तिचं काम संपलं. आणि ती एकुलती एक आहे. घडवणाऱ्याचा कागद नाही, माप नाही. माझी चेसिस हजारोंनी निघालेली. तिचा नकाशा, म्हणजे सर्किट डायग्राम, आजही मिळतो. मुख्य म्हणजे रेडिओतली चेसिस ही नुसती बैठक नसते. त्या पत्र्यातून वीज वाहते. प्रत्येक व्हॉल्व्हच्या टप्प्याची अर्थ त्या पत्र्याला जोडलेली, ट्रान्सफॉर्मरचं एक टोक त्याला, फिल्टर कंडेन्सरचा डबा त्याला. कारखान्याने बऱ्याच ठिकाणी अर्थ डाग देऊन न जोडता रिव्हेटने ठोकलेली असते: पत्रा, त्यावर पातळ पट्टी, वर रिव्हेट. त्या सांध्यात गंज शिरला की जोडणी अर्धवट होते. मग सेट घूं घूं करतो, बटण फिरवलं की करकरतो, टेबलाला धक्का लागला की एकदम मोठ्याने बोलतो. मेकॅनिक बिचारा कंडेन्सर बदलतो, व्हॉल्व्ह बदलतो, शेवटी कपाळाला हात लावतो, आणि रोग असतो दोन मिलिमीटर गंजाचा. शिवाय गंजलेला सांधा नुसता वीज अडवत नाही. तो एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी वीज जाऊ देतो. दोन स्टेशनं अशा सांध्यावर आली की त्यांची मिसळण होऊन तिसरंच काहीतरी ऐकू यायला लागतं. मोठ्या प्रक्षेपण मनोऱ्यांवर काम करणाऱ्या इंजिनिअरांना हा गंजक्या बोल्टचा त्रास चांगला ठाऊक आहे. मनोरा घट्ट उभा असतो, वीज व्यवस्थित असते, पण कुठल्या तरी कोपऱ्यातला एक बोल्ट गुपचूप आवाजात आवाज कालवत असतो.

शंकेखोर : हे तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात! एका दिशेला वीज जास्त जाऊ देणारा सांधा म्हणजे काय? डिटेक्टर. रेडिओचा जन्म तिथेच तर झाला. जगदीशचंद्र बोसांना ज्या गॅलेनाच्या डिटेक्टरसाठी १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं, त्यात तरी काय होतं? खनिजाला टेकलेलं धातूचं टोक. आणि १९४४ साली इटलीत अँझिओच्या खंदकांत अडकलेल्या सैनिकांनी दाढीच्या पात्यावर रेडिओ केले. पातं एक तर गंजलेलं किंवा आच देऊन निळं केलेलं, म्हणजे दोन्हीकडे लोखंडाचा ऑक्साइडच. त्यावर पेन्सिलीच्या शिशाचं टोक टेकवायचं, हलक्या हाताने जागा शोधायची, आणि कानाला हेडफोन. बॅटरीशिवाय गाणी. तुम्ही ज्याला रोग म्हणता तो, भाऊ, रेडिओच्या घराण्यातलाच आहे. अजून पुढे चला. आपल्या ट्रान्झिस्टरमधली ती काळी फेराइटची कांडी, जिच्यावर तार गुंडाळलेली असते आणि जी मध्यम लहरी पकडते, ती कशाची? लोखंडाचा ऑक्साइड दुसऱ्या धातूंच्या ऑक्साइडबरोबर भाजून केलेली. स्वस्त स्पीकरचं काळं चुंबक? तेही फेराइटच. आकाशवाणीने ज्या फितींवर वर्षानुवर्षं गाणी आणि भाषणं साठवली त्या फितींचा तपकिरी थर? लोखंडाचाच ऑक्साइड. रेडिओने आवाज पकडला गंजाच्या भावकीने, साठवला गंजाच्या भावकीने, ऐकवला गंजाच्या भावकीने. आणि तुम्ही चेसिसवर तो दिसताच पॉलिश पेपर काढता.

हौशी : (हसून) भावकी आहे म्हणून कोणालाही घरात घेत नाहीत, काकाजी! फेराइटची कांडी कारखान्याने ठरवून भाजली, फितीवरचे कण मापून पसरले. माझ्या रिव्हेटखालचा गंज कोणाला न विचारता आला आहे. तरी तुमच्या बोलण्यातून एक गोष्ट मला नीट दिसली, ती कबूल करतो. प्रश्न गंज चांगला की वाईट असा नाही. तो कुठे बसला आहे, हा प्रश्न आहे. जिथून वीज जाते आणि जिथे काही फिरतं, तिथला काढलाच पाहिजे. अर्थचे सांधे, स्टेशन लावणाऱ्या गँगच्या दांड्याखालच्या बारीक गोळ्या, डायलच्या दोरीच्या कप्प्या, बँड स्विचची चकती. बाकी सपाट पत्रा, ट्रान्सफॉर्मरवरची टोपी, बुडाची झाकणी इथे तुमचं-माझं भांडण होऊ शकतं.

शंकेखोर : सपाट पत्र्यावरच भांडू या, कारण तिथे तुम्ही सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. त्या काळच्या चेसिस बऱ्याचदा नुसत्या लोखंडाच्या नसत. त्यांवर जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असे. तो मुलामा स्वतः आधी झिजतो आणि खालच्या लोखंडाला वाचवतो. त्याची नेमणूकच त्यासाठी. आता तुम्ही काय केलंत? लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवलंत. लिंबूफूल, व्हिनेगर, फॉस्फोरिक ॲसिड, सगळ्यांची एक खोड: गंज विरघळवण्याआधी ती उरलेला मुलामा विरघळवतात. म्हणजे चेसिसच्या दहा टक्के भागावर गंज होता, तो काढण्यासाठी तुम्ही नव्वद टक्के भागाचं कवच उतरवलंत. बाहेर काढली तेव्हा चांदीसारखी दिसली असेल, आणि पुसायच्या आत पुन्हा तांबूस झाक आली असेल. आली की नाही? आणि कॅडमियम असेल तर गोष्ट नुसत्या नुकसानीवर थांबत नाही. ते विषारी आहे. कोरड्या पॉलिश पेपरने घासलं की त्याची धूळ नाकात जाते, आणि ॲसिडचं पाणी मोरीत ओतलं की ते नालीत जातं. गंज काढणारे लोक गंजाबद्दल खूप बोलतात. गंजाशेजारी काय होतं याबद्दल कमी.

(इथे दोघांना अडवून एक सांगायला हवं, कारण वादाच्या भरात दोघेही ते विसरले आहेत. माळ्यावरून काढलेला सेट गंज कितपत आहे हे बघण्यासाठी सरळ प्लगात लावू नये. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची चेसिस थेट मेनच्या तारेला जोडलेली असू शकते, आणि जुना फिल्टर कंडेन्सर फुटू शकतो. आपले मेकॅनिक सिरीजमध्ये बल्ब लावून सेट चालू करतात, ते उगाच नाही. आणि तारेच्या घासणीने चेसिस घासू नये. तिचे केसाएवढे तुकडे व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकून शॉर्ट करतात आणि स्पीकरचं चुंबक ते ओढून घेतं. एकदा आत गेले की निघत नाहीत.)

हौशी : मुलाम्याबद्दल तुमचं खरं आहे, आणि म्हणूनच आता मी आख्खी चेसिस बुडवण्याच्या विरोधात आहे. पण त्यावरून काढूच नका असं निघत नाही. नीट काढा असं निघतं. सुटे होणारे लोखंडी भाग विजेच्या पद्धतीने साफ करता येतात. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. भागाभोवती बुडबुडे येतात, गंज सैल होऊन गळतो, काही तर काळा होऊन बसतो, आणि खालचं लोखंड खाल्लं जात नाही. दोन पथ्यं. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावायचा मोह टाळायचा, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. आणि काम उघड्यावर करायचं, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात.

शंकेखोर : दोनच पथ्यं? मी अजून सांगतो. डायलच्या दोरीची स्प्रिंग त्यात टाकली तर तोच हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ताण येताच स्प्रिंग तुटते. गँगची पानं ॲल्युमिनिअमची. सोड्याच्या पाण्यात ती खाल्ली जातात. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांच्या कडा लाल झाल्या म्हणून कोणी त्याला बुडवलं की आतली वाइंडिंग गेलीच. म्हणजे तुमची ती सौम्य पद्धत चालते कुठे? कंस, झाकणी, स्क्रू, स्पीकरची चौकट. तीसुद्धा कागद आणि चुंबक वेगळे झाले तर, आणि ते होत नाहीत. बघा, पद्धत जितकी चांगली तितकी तिची हद्द लहान. मला विचाराल तर त्यापेक्षा हिरडा बरा.

हौशी : हिरडा?

शंकेखोर : हिरडा किंवा बाभळीची साल. दोन्हींत टॅनिन भरपूर. हिराकस आणि हिरडा एकत्र केले की काळा रंग होतो, हे रंगाऱ्यांना आणि चामडं कमावणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तेच गंजावर होतं. टॅनिन गंजाशी जुळून काळसर, पाण्यात न विरघळणारा थर करतं. गंज जागेवर राहतो, त्याची जात बदलते. जतन करणारे शुद्ध टॅनिक ॲसिड वापरतात, कारण काढ्यात साखर आणि बाकीचा कचराही असतो. आपणही तेच वापरावं. फॉस्फोरिक ॲसिडची तत्त्वाने तीच गोष्ट: लोखंडाचं फॉस्फेट होतं आणि ते अंगावर बसतं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, त्याचंही एक कारण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यातून वर राखणारा थर तयार झाला आहे, असं संशोधन आहे. तिथे गंज आणि कवच यांच्यात फारसं अंतरच उरलेलं नाही.

हौशी : सपाट पत्र्यावर मी ते आनंदाने करीन. मागच्या झाकणीवर करून पाहण्यासारखं आहे. पण अर्थच्या सांध्यावर तुमचा हिरडा कामाचा नाही. तो काळा थर वीज वाहून नेत नाही. तुम्ही गंजाची जात बदलली, त्याची आडवी बसायची सवय बदलली नाही.

शंकेखोर : बरं, सांधे तुमचे. आता मला दुसरं सांगा. एवढं करून हा सेट पकडणार काय?

हौशी : नागपूर.

शंकेखोर : आणि यवतमाळ?

हौशी : (थांबून) यवतमाळ नाही. आपलं केंद्र एफएमवर आहे. या सेटवर मध्यम आणि लघु लहरी आहेत.

शंकेखोर : म्हणजे गावात आकाशवाणी आहे आणि गावातल्या सगळ्यात चकचकीत रेडिओला ती ऐकू येत नाही! मी टोमणा मारत नाही, खरंच विचारतो. वाजला पाहिजे म्हणून गंज काढला, हा तुमचा सगळा युक्तिवाद. तो वाजण्यावर उभा आहे. पण समोरून बोलणारेच कमी होत चालले आहेत. नागपूरला आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. पुढे १९५६ साली पुणे केंद्रावरून दीडशे गावांत शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. माणसं सेटभोवती बसून ऐकायची, वाद घालायची, प्रश्न लिहून पाठवायची. तो प्रयोग मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत झाला. आपण तेव्हा मध्य प्रदेशात, म्हणून आपल्याला तोही मिळाला नाही. १९८८ च्या मे महिन्यात नागपुरातून १००० किलोवॉटचं राष्ट्रीय प्रसारण सुरू झालं. रात्रभर देशाच्या दूरच्या कोपऱ्यांत ते ऐकू जाई. २०१९ च्या सुरुवातीला ती वाहिनी बंद झाली. लघु लहरींचं तर विचारूच नका. उद्या नागपूरची मध्यम लहरही थांबली तर तुमच्या अर्थच्या सांध्यातून काय वाहणार? मोबाईलवरून ब्लूटूथने आत सोडलेली गाणी? मग ती मर्फी रेडिओ राहिली की स्पीकरचं खोकं?

हौशी : तुम्ही जिथे बोट ठेवलं तिथे मलाही दुखतं. मी कितीही सोंग आणलं तरी या सेटची चांगली वेळ गेली आहे. पण त्यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला पटत नाही. समोर कोणी बोलत नाही म्हणून कान गंजू द्यायचा का? रेडिओ म्हणजे ऐकू शकणारी वस्तू. आज त्याने काय ऐकलं यापेक्षा तो ऐकू शकतो की नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्री उशिरा, वरचे पंखे आणि शेजारचे एलईडी बल्ब बंद झाले की, आजही त्यावर दूरचं काही ना काही येतं. भाषा कळत नाही कधी कधी. तो आवाज चेसिसमधून येतो, गंजामधून नाही. आणि मघाशी तुम्ही म्हणालात, गंजात इतिहास लिहिलेला असतो. कोणाचा? माळ्याचा. बैठकीतल्या वर्षांचा नाही. माणसं ऐकत होती तेव्हा तो सेट कोरडा होता, पुसलेला होता, वर भरतकामाचा रुमाल होता. गंज आला तो माणसांनी ऐकणं सोडल्यावर. तुम्ही जपू म्हणता ती त्यांची आठवण नाही, त्यांच्या विसरण्याची आहे.

शंकेखोर : विसरणंही घडलेलंच असतं, भाऊ. व्हॉल्व्ह सेट माळ्यावर का गेला, ट्रान्झिस्टरने त्याला कसं हटवलं, टपाल कार्यालयात जाऊन परवान्याचे पैसे भरायचं ऐंशीच्या दशकात कसं संपलं, हे जिल्ह्याच्या इतिहासात येतं की नाही? पण सगळाच गंज विसरण्याचा असतो, हेही खरं नाही. तुमच्या डायलच्या मागची ती लोखंडी पट्टी घ्या, जिच्यावरून काटा सरकतो. वर्षानुवर्षं काटा घासून जिथला मुलामा गेला, तिथेच पुढे गंज आधी धरला. म्हणजे त्या पट्टीवरचा गंज ऐकण्याच्या जागांवर उगवला. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी कमी झाली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले, हे आपण पुस्तकात वाचतो. ती पट्टी तुमच्या सेटपुरतं ते सांगू शकली असती.

हौशी : हा मुद्दा सुंदर आहे आणि पुरता चुकीचा आहे. काटा सिलोनला जाताना मधल्या सगळ्या स्टेशनांवरून सरकतो. पट्टी त्यामुळे सगळीकडेच झिजते. शिवाय मध्यम आणि लघु लहरींना काटा तोच. कोणत्या बँडवर असताना तो तिथे होता, हे पट्टीला कसं कळणार? तुम्हाला ऐकणाऱ्यांची खूण हवी असेल तर बँड स्विचच्या पितळी टोकांची झीज बघा. ती गंजाने नव्हे, बोटांनी झालेली आहे, आणि तिला मी हात लावलेला नाही. दुसरी खूण म्हणजे मेकॅनिकची. एका कंसाच्या जागी त्याने डब्याचा पत्रा कापून बसवला आहे, मूळ कंडेन्सर मिळाला नसेल म्हणून दोन लहान जोडून एक केला आहे. कारखान्याचा मूळ भाग आणून तो काढायचा की नाही, यावर मला झोप येत नाही. गंजावर येते.

शंकेखोर : म्हणजे माणसाच्या हाताची खूण ठेवायची, पाण्याच्या हाताची नाही. ही तुमची निवड झाली. निवड करू नका असं मी म्हणत नाही. ती निवड आहे, रसायनशास्त्राने सांगितलेला नियम नाही, एवढंच कबूल करा.

हौशी : केलं. आता तुम्ही एक सोडवा. माझ्याकडे दुसरा सेट आलेला आहे. खेड्यातला, बॅटरीवर चालणारा. नव्वद व्होल्टची एक आणि दीड व्होल्टची एक लागे तसा. वीज पोचली नव्हती त्या काळातला. त्याला मी अजून काही केलेलं नाही. वरचा पत्रा बरा आहे, पण अर्थचे चारही सांधे रिव्हेटचे आहेत आणि गंज रिव्हेटच्या खाली आहे. वरून काहीही लावलं तरी तिथे पोचत नाही. पोचायचं तर ड्रिल करून रिव्हेट उडवावे लागतील. कारखान्याने ठोकलेला रिव्हेट एकदा उडवला की तो परत येत नाही. जागी स्क्रू येईल. म्हणजे जो गंज काढलाच पाहिजे असं आपलं दोघांचं ठरलं, तोच काढण्यासाठी जे जपायचं तेच मोडावं लागतं.

शंकेखोर : मोडू नका. चारही टॅगांना एक जाड तांब्याची तार डाग देऊन जोडा आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाला न्या. आपले जुने मेकॅनिक हेच करत.

हौशी : या सेटला ट्रान्सफॉर्मर नाही, काकाजी, बॅटरीचा आहे. पण तार बॅटरीच्या ऋण टोकाला नेता येईल, तेवढं खरं. वीज त्या तारेतून जाईल, सेट बोलेल, रिव्हेट जागेवर राहतील. आणि उद्या कोणाला नको वाटली तर डाग सोडवून तार काढताही येईल.

शंकेखोर : मग अडलं कुठे?

हौशी : अडलं इथे की तार टाकली की रिव्हेटचं काम संपलं. तो दिसायला सांधा, प्रत्यक्षात नुसती टिकली. आणि खालचा गंज काही तार आली म्हणून थांबत नाही. दर पावसाळ्याला फुगत राहील, पट्टी उचलत राहील. एखाद्या वर्षी तीही सुटेल, तेव्हा कदाचित सेट माझ्याकडे नसेल.

शंकेखोर : मेण पाजा. गरम करून, पातळ, कडेने. सांध्यात थोडं तरी ओढलं जाईल.

हौशी : पाजीन. पण आत आधीच ओल असेल तर मी तिच्यावर झाकणच बसवतो आहे.

शंकेखोर : मे महिन्यात करा. ४५ अंशाला, भर दुपारी, उन्हात तापवून.

हौशी : म्हणजे अजून एक पावसाळा तसाच काढायचा.

शंकेखोर : एक पावसाळा, किंवा आजच ड्रिल. तुमचा सेट आहे, भाऊ.